विश्लेषण : अमेरिकेत हरणाच्या शिकारीची सहल आखता येते, मोहर्लीत तो गुन्हा का?

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात धनुष्यबाणाने हरीण मारायचे असेल, तर दुसऱ्या राज्यातील माणूस काही महिने आधी अर्ज करतो, शुल्क भरतो आणि सोडतीत नाव लागण्याची वाट पाहतो. तेच धनुष्य घेऊन ताडोबाच्या मोहर्ली प्रवेशद्वारातून विनापरवानगी आत पाऊल टाकले, तरी तो गुन्हा ठरतो. जंगल दोन्हीकडे सरकारी आणि प्राणीही हरीणच. मग नियम इतके उलट का? आणि त्यांची किंमत कोण मोजते?

अमेरिकेतील शिकार नेमकी कुठे होते?

अमेरिकेच्या पश्चिम भागात ‘म्युल डिअर’ नावाचे हरीण आढळते. खेचरासारख्या मोठ्या कानांवरून त्याला हे नाव पडले. कोलोरॅडो, वायोमिंग, युटा, नेवाडा या राज्यांत जमिनीचा मोठा हिस्सा केंद्र सरकारच्या ताब्यात आहे. वन सेवा आणि भूव्यवस्थापन विभाग हे त्याचे दोन मोठे सांभाळकर्ते. या जमिनीवर सर्वसाधारणपणे कोणीही नागरिक भटकू शकतो, तंबू ठोकू शकतो आणि परवाना असेल तर हंगामात शिकारही करू शकतो. जमीन केंद्राची असली, तरी तिच्यावरील हरणांचे व्यवस्थापन राज्य सरकार करते. म्हणूनच परराज्यातील शिकाऱ्याला त्या त्या राज्याचा परवाना घ्यावा लागतो आणि स्थानिकांपेक्षा कितीतरी जास्त शुल्क मोजावे लागते. राष्ट्रीय उद्यानांत मात्र तेथेही बहुतेक ठिकाणी शिकारीला मनाई आहे.

परराज्यातील शिकारी सहल कशी आखतो?

सुरुवात कागदावर होते. कोलोरॅडो राज्य शिकारीसाठी लहान-मोठ्या विभागांत वाटलेले आहे. प्रत्येक विभागात किती नर, किती माद्या आणि कोणत्या हत्याराने मारता येतील, याची मर्यादा दरवर्षी ठरते. हरणाचे परवाने सोडतीने मिळतात. अर्ज एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत करावा लागतो. नाव लागले नाही, तर पुढच्या वर्षीसाठी एक प्राधान्य गुण जमा होतो. नामांकित विभागासाठी अनेक वर्षांचे गुण साठवावे लागतात, त्यामुळे काही जण एका सहलीची तयारी दहा-दहा वर्षे करतात. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकार सुरक्षेचे प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो.

त्यानंतर नकाशांचा अभ्यास सुरू होतो. सरकारी जमिनीला लागूनच खासगी कुरणे असतात. हद्द चुकली की अतिक्रमणाचा गुन्हा दाखल होऊ शकतो. वायोमिंगमध्ये तर ‘वाइल्डरनेस’ म्हणून राखलेल्या जंगलात परराज्यातील माणसाला सोबत वाटाड्या किंवा स्थानिक रहिवासी घेतल्याशिवाय मोठ्या प्राण्याची शिकार करता येत नाही.

परतीचा प्रवासही आधीच ठरवावा लागतो. म्युल डिअरमध्ये मेंदू पोखरणारा एक असाध्य रोग आढळतो. १९६७ मध्ये कोलोरॅडोतील एका संशोधन केंद्रात तो पहिल्यांदा लक्षात आला. त्याचा फैलाव रोखण्यासाठी अनेक राज्यांनी हरणाचा मेंदू आणि पाठीचा कणा हद्दीत आणण्यास बंदी घातली आहे. शिवाय बेकायदा मारलेला प्राणी राज्याबाहेर नेणे हा १९०० च्या लेसी कायद्यानुसार केंद्रीय गुन्हा आहे.

बंदूक सोडून धनुष्यबाण का?

धनुष्यबाणाचा हंगाम सप्टेंबरमध्ये, म्हणजे बंदुकीच्या मुख्य हंगामाआधी असतो. गर्दी कमी असते आणि अनेक विभागांत परवाना मिळण्याची शक्यताही जास्त असते. पण काम अवघड होते. बंदुकीने दोन-तीनशे मीटरवरून नेम साधता येतो. धनुष्यासाठी मात्र तीस-चाळीस मीटरपर्यंत सरपटत जावे लागते. वारा फिरला की हरीण उधळते. दहा-बारा हजार फूट उंचीवर हे सारे करायचे असल्याने आधी काही महिने व्यायाम लागतो. कोलोरॅडोत धनुष्याचा ताण किमान ३५ पौंड असावा, असा नियम आहे. कमकुवत बाणाने प्राणी मरत नाही, जखमी होऊन निसटतो, हे त्यामागचे कारण. खाण्याजोगे मांस रानात टाकून देणे हाही गुन्हा आहे. त्यामुळे सप्टेंबरच्या उन्हात मांस खराब होण्याआधी ते पाठीवरून खाली कसे आणायचे, याचा हिशेब घरूनच करून निघावे लागते.

शिकारीचा पैसा जातो कुठे?

परवान्याचे शुल्क हे तेथील राज्य वन्यजीव विभागांचे प्रमुख उत्पन्न आहे. याशिवाय १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका आणि काडतुसांवर केंद्रीय कर लागतो आणि तो वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना वाटला जातो. १९७२ मध्ये कायदा करून धनुष्यबाणही या करात आणले गेले. याच पैशातून हरणांची मोजणी होते. २०२२-२३ च्या कडक हिवाळ्यात वायव्य कोलोरॅडोत हरणे मोठ्या संख्येने मेली, तेव्हा त्या भागातील परवाने घटवण्यात आले. आधी मोजणी आणि मग परवाना, या क्रमावर ही सारी व्यवस्था उभी आहे. या पद्धतीवर तेथेही टीका होते. ज्यांच्याकडून पैसा येतो, त्यांच्याच आवडीच्या प्राण्यांकडे जास्त लक्ष दिले जाते, हा त्यातील मुख्य आक्षेप.

मोहर्लीत कायदा काय सांगतो?

अमेरिकेने धनुष्यबाणावर कर लावला, त्याच १९७२ साली भारताने वन्यजीव संरक्षण कायदा केला. या कायद्यात शिकारीची व्याख्या व्यापक आहे. मारणे, पकडणे, फास लावणे, विष घालणे, आमिष दाखवणे, हाकारा करणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे, हे सारे शिकारच. हत्यारांच्या व्याख्येत धनुष्यबाणाचा स्पष्ट उल्लेख आहे. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार नेता येत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन परिशिष्टांतील प्राण्यांच्या शिकारीस मनाई आहे. चितळ, सांबर, रोही आणि रानडुक्कर हे सर्व त्यात मोडतात.

व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात शिकार केल्यास किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद, शिवाय किमान ५० हजार रुपये दंड आहे. दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान सात वर्षे कैद आणि किमान पाच लाख रुपये दंड. त्यामुळे ‘परराज्यातील शिकारी’ या शब्दांना चंद्रपुरात वेगळाच अर्थ आहे. जानेवारी २०२५ मध्ये राजुरा परिसरात वाघांच्या शिकारीच्या संशयावरून मध्य प्रदेशातून आलेल्या टोळीवर कारवाई झाली होती.

येथे पूर्वी परवाने मिळत नव्हते का?

मिळत होते. ब्रिटिश काळात चांदा जिल्हा मध्य प्रांतात होता. तेथील राखीव जंगलांचे शिकारीसाठी ‘ब्लॉक’ पाडलेले असत. वन अधिकारी ठरावीक दिवसांसाठी ब्लॉक देत, कोणते प्राणी किती मारायचे हे परवान्यावर लिहिलेले असे आणि बंद हंगामही होता. म्हणजे कागदावर ही पद्धत आजच्या कोलोरॅडोपेक्षा फार वेगळी नव्हती. ताडोबाच्या जंगलात १९३५ पासून शिकारीला बंदी आली आणि १९५५ मध्ये ११६ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान झाले. बाहेरच्या जंगलात मात्र परवाने सुरूच राहिले. स्वातंत्र्यानंतर जीप आणि प्रखर दिवे आले, पीक संरक्षणासाठी दिलेल्या बंदुकांचा गैरवापर वाढला आणि जंगलही तुटत गेले. किती प्राणी मारले याची नोंद परवान्यावर होत असे, पण किती उरले याची भरवशाची मोजणी नव्हती. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली. १९७२ च्या मोजणीत देशात १,८२७ वाघ नोंदवले गेले.

मूळ १९७२ च्या कायद्यातही काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवान्याची तरतूद शिल्लक होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकण्यात आली.

ताडोबातील हरणे जास्त झाली, तर?

हा प्रश्न येथे फारसा उद्भवत नाही, कारण ती खाणारे आहेत. एका वाघाला वर्षाला साधारण ५० हरणांइतके भक्ष्य लागते. बिबटे आणि रानकुत्रे वेगळेच. भक्ष्य कमी झाले की वाघ गुरांकडे वळतो आणि माणसाशी संघर्ष वाढतो. कोलोरॅडोत शिकाऱ्याच्या वाट्याला येणारे हरीण मोहर्लीत वाघाच्या वाट्याचे आहे. शिवाय म्युल डिअरचा विणीचा हंगाम ठरलेला असतो, त्यानुसार शिकारीचा काळ आखता येतो. चितळाचे तसे नाही. एकाच कळपात पक्क्या शिंगांचा नर आणि कोवळ्या शिंगांचा नर एकाच वेळी दिसतो. पाडसेही वर्षातील बऱ्याच काळात जन्मतात.

मग या बंदीची किंमत कोण मोजतो?

जंगलालगतची गावे. चंद्रपूर-गडचिरोलीतील गोंड आणि माडिया समाजात पारध ही जुनी रीत होती आणि धनुष्यबाण हे तिचे साधन. २००६ च्या वनहक्क कायद्याने या समाजांना जमीन, गौण वनोपज आणि सामूहिक व्यवस्थापनाचे हक्क दिले. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. मात्र पारंपरिक हक्कांची यादी देताना याच कायद्याने शिकारीचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला आहे. जंगलावर हक्क मिळाला, जंगलातील प्राण्यावर नाही.

दुसरा फटका पिकांना बसतो. धान, तूर, हरभरा उभा असताना रानडुकरे आणि रोही शेतात उतरतात. राज्य सरकारने २०१५ मध्ये पिकांचे नुकसान करणाऱ्या या दोन प्राण्यांना मारण्याची परवानगी देण्याची प्रक्रिया ठरवून दिली. चंद्रपुरात तिचा वापर झाला, तेव्हा २०१६ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी त्यावर जाहीर टीका केली आणि वाद देशभर गाजला. ही परवानगी म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. मांस घरी नेता येत नाही, कारण असा प्राणी सरकारी मालमत्ता ठरतो. परवानगी किंवा भरपाई वेळेत मिळाली नाही, की काही जण कुंपणात चोरून वीज सोडतात. त्यात रानडुकराबरोबर वाघही मरतो आणि कधी माणूसही. उन्हाळ्यात मोह आणि तेंदूपाने वेचायला जाणाऱ्यांना वाघाचा धोका असतो, तो वेगळाच.

हरीण पाहण्यासाठी मोहर्लीची सहल कशी आखावी?

आजचा परवाना सफारीचा आहे आणि त्याचेही नियोजन आधीच करावे लागते. मोहर्ली हे इरई धरणाच्या जलाशयाकाठचे गाव. गाभा क्षेत्रातील सफारीची नोंदणी ताडोबाच्या अधिकृत संकेतस्थळावरच करावी. सुट्ट्यांच्या दिवसांतील फेऱ्या लवकर भरतात. नोंदणीत दिलेले ओळखपत्र मूळ स्वरूपात सोबत लागते. जिप्सीत सहा पर्यटक बसतात. चालक आणि स्थानिक गाइड बंधनकारक आहेत. मोहर्लीत महिला गाइडही आहेत. गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असते, पावसाळ्यातही जुलै ते सप्टेंबर बंद राहते. बफरमधील आगरझरी, देवाडा, जुनोना हे पर्याय त्या काळात विचारून घ्यावेत. सफारीत मोबाइल वापरण्यास मनाई असल्याने फोटोंसाठी कॅमेरा लागतो. वाहनातून उतरणे, प्राण्यांना खाऊ घालणे किंवा गळून पडलेले शिंग उचलून नेणे चालत नाही.

खरा प्रश्न कोणता?

शिकार पुन्हा सुरू करावी का, हा मोहर्लीपुढचा प्रश्न नाही. परवान्यांचा अनुभव येथे घेऊन झाला आहे. अमेरिकेत हरीण टिकवण्याचा खर्च शिकारी उचलतो. येथे त्यातील काही भाग सफारीचा पर्यटक उचलतो. ते शुल्क व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानाकडे जाते आणि त्यातून गावांसाठीही कामे होतात. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन वन विकास योजनाही बफरमधील गावांसाठीच आहे. पण रिसॉर्ट, जिप्सी आणि गाइडचे उत्पन्न प्रवेशद्वाराजवळच्या गावांत एकवटते. आडबाजूच्या गावाला तेच जंगल, तीच रानडुकरे आणि तोच वाघ मिळतो, पर्यटक मात्र मिळत नाही. पिकाचा पंचनामा किती दिवसांत होतो, भरपाई पुढच्या पेरणीआधी हातात पडते का आणि सफारीच्या उत्पन्नातील वाटा त्या गावापर्यंत पोहोचतो का, यावर शिकारबंदीला मिळणारा स्थानिकांचा पाठिंबा अवलंबून आहे.