लस, खाडा आणि संघटना

इस्पितळात काम करणाऱ्याने दरसाल फ्लूची लस टोचून घ्यावी, हे सांगायला डॉक्टरांऐवजी कामगार संघटनेचा कार्यकर्ता का उभा राहिला, असे श्रोत्यांपैकी कोणी विचारील. लस हा जसा वैद्यकाचा प्रश्न आहे तसाच तो कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे, हे त्याचे उत्तर.

प्रथम रोगाकडे पाहू. फ्लूचा विषाणू शरीरात शिरल्यावर एक ते चार दिवसांत ताप येतो. पण ताप येण्याच्या आदल्या दिवसापासूनच तो माणूस दुसऱ्याला रोग देऊ शकतो. म्हणजे सिस्टरला किंवा वॉर्डातल्या मामांना आपण आजारी आहोत हे कळण्यापूर्वीच खाटेवरच्या म्हाताऱ्याला आणि गरोदर बाईला रोग पोहोचू शकतो. विषाणू रूप पालटतो, म्हणून लस दरसाल घ्यावी लागते.

लस घेतल्याने फ्लू होतो, हा समज खोटा आहे. टोचायच्या लशीत जिवंत विषाणू नसतो. दंड दुखतो, क्वचित कणकण येते, इतकेच. ती रामबाण मात्र नाही. जुळणी चांगली साधली त्या वर्षी आजाराचा धोका सुमारे ४० ते ६० टक्के कमी होतो, आणि तेही दोन आठवड्यांनंतर.

मग सक्तीच का करू नये? परदेशांत ती करून पाहिली आहे. अमेरिकेतील सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन इस्पितळाने २००४ साली ‘लस घ्या, नाहीतर नोकरी सोडा’ असा नियम जाहीर केला. परिचारिकांच्या संघटनेने हरकत घेतली ती लशीला नव्हे, वाटाघाटीवाचून केलेल्या सक्तीला. लवादाने ती हरकत उचलून धरली आणि २००७ साली वरिष्ठ न्यायालयानेही लवादाचा निवाडा कायम ठेवला. कॅनडातील ऑन्टारिओत ‘लस किंवा हंगामभर मास्क’ हा नियम २०१५ आणि २०१८ साली लवादांपुढे टिकला नाही.

सक्तीने आकडा वाढतो, हे मी नाकारीत नाही; सिएटलच्या त्या इस्पितळात तो शेकडा ९७ च्या वर गेला. पण सक्तीने तापाची रजा मिळत नाही. एका इस्पितळातल्या रोजंदारीवरच्या मावशींना मी विचारले, “अंगात ताप असताना कामावर का आलात?” त्या म्हणाल्या, “दादा, खाडा पडला तर चूल कशी पेटेल?” लस या मावशींना कोणी विचारलीच नव्हती. ती डॉक्टर आणि सिस्टरांपुरतीच होती.

म्हणून संघटनेची मागणी अशी असावी: लस फुकट, कामाच्या वेळात, रात्रपाळीलाही, कंत्राटी सफाई कामगारापर्यंत सर्वांना, शंकांना त्यांच्या भाषेत उत्तर, आणि तापाला भरपगारी रजा. ही मागणी करणाऱ्या संघटनेने आपल्या सभासदांना ‘दंड पुढे करा’ असेही तितक्याच ठामपणे सांगितले पाहिजे. हक्क मागायचा आणि लस टाळायची, हे आपल्याला शोभणार नाही.

तुमच्यापैकी जे इस्पितळांच्या समित्यांवर आहेत, त्यांनी एवढेच विचारावे: आमच्या मावशींना लस मिळाली का?