सन्मान, दातृत्वाचा व लोकसेवेचा

सार्वजनिक कार्यासाठी द्रव्य देणाऱ्या व्यक्ती व कंपन्या, तसेच मोबदला न घेता श्रम, वेळ वा कौशल्य देणारे स्वयंसेवक यांच्या कार्याची समाजाने, शासनाने किंवा लाभ घेणाऱ्या संस्थेने जाहीरपणे घेतलेली दखल. शिलालेख, पुतळा, वास्तूला दिलेले नाव, पदवी, पदक, मानपत्र, पुरस्कार व प्रशस्तिपत्र हे तिचे प्रमुख प्रकार होत. अशा सन्मानाची तीन प्रयोजने सांगता येतात : कृतज्ञता व्यक्त करणे, देणगी व तिच्या अटी यांची कायम नोंद ठेवणे आणि इतरांना तशाच कार्यास प्रवृत्त करणे. यांपैकी पहिले व तिसरे प्रयोजन सर्वपरिचित आहे. दुसऱ्याकडे मात्र बहुधा दुर्लक्ष होते. वस्तुतः सन्मानाची विश्वसनीयता मुख्यतः या नोंदीवरच अवलंबून असते, असे त्याच्या इतिहासावरून दिसून येते.

वैचारिक भूमिका : दानाचा गाजावाजा करू नये, अशी शिकवण बहुतेक धर्मांत आढळते. भगवद्‌गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस व तामस असे तीन प्रकार सांगितले असून परतफेडीच्या वा फळाच्या अपेक्षेने दिलेले दान राजस मानले आहे. बायबलमधील मत्तयकृत शुभवर्तमानात लोकांनी वाखाणावे म्हणून दान करणाऱ्यांचा निषेध आहे. कुराणात उघडपणे दिलेले दान चांगले, परंतु गरजूला गुप्तपणे दिलेले अधिक चांगले, असे म्हटले आहे. बाराव्या शतकातील ज्यू तत्त्वज्ञ मायमॉनिडीझ याने दानाच्या आठ पायऱ्या कल्पिल्या. दाता व याचक एकमेकांना अनोळखी राहतात ती पायरी त्याने दुसऱ्या क्रमांकाची ठरविली आणि याचकाला स्वावलंबी करणारे साहाय्य सर्वश्रेष्ठ मानले.

महाराष्ट्रातही गुप्तदानाची परंपरा दृढ आहे. देवस्थानांच्या व संस्थांच्या देणगी-यादीत दात्याच्या नावाऐवजी ‘एक सद्‌गृहस्थ’ किंवा ‘गुप्तदान’ असे लिहिलेले आढळते. येथे दाता सन्मान नाकारतो, पण रकमेची नोंद मात्र राहते, हे लक्षणीय आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस याने १९२५ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या आपल्या दानविषयक निबंधात असे प्रतिपादन केले, की देणे, स्वीकारणे व परत करणे ही तिन्ही बंधने परस्परांशी निगडित असून पूर्णतः निरपेक्ष असे दान समाजव्यवहारात विरळाच असते. या दृष्टीने पाहता सन्मान ही समाजाने केलेली परतफेडच ठरते.

प्राचीन काळ : अथेन्समध्ये धनिक नागरिकांवर नाट्योत्सवातील वृंदगानाचा किंवा युद्धनौका सज्ज ठेवण्याचा खर्च करण्याचे दायित्व कायद्याने टाकलेले असे. विजयी वृंदाच्या प्रायोजकाला स्मारक उभारता येई. इ. स. पू. ३३५–३३४ मधील अशा विजयाचे लायसिक्राटीझने उभारलेले स्मारक अथेन्समध्ये अजून उभे आहे. नौका सर्वांआधी सज्ज करणाऱ्याला मुकुट देण्यात येत असल्याचा उल्लेखही तत्कालीन भाषणात मिळतो. कर्तव्य सक्तीचे असले, तरी ते उत्तम प्रकारे पार पाडणाऱ्याचा गौरव वेगळा, अशी ही व्यवस्था होती.

पश्चिम भारतातील लेण्यांमधील दानलेख हे या विषयाचे महाराष्ट्रातील सर्वांत जुने पुरावे होत. कार्ले येथील चैत्यगृहाचे काम तडीस नेणाऱ्या वैजयंतीच्या (वनवासी) भूतपाल श्रेष्ठीचा उल्लेख तेथील लेखात आहे. स्तंभांवर धेनुकाकट येथील यवनांची नावे कोरलेली आहेत. दर्शनी दाराच्या लेखांत सिंहदत्त नावाच्या गंधिकाचा, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचा, दाता म्हणून आणि सामी नावाच्या सुताराचा ते काम करणारा म्हणून निर्देश आहे. द्रव्य देणारा व हात राबविणारा यांची नावे अशी जवळजवळ कोरली जाणे पुढील काळात दुर्मिळ झाले. जुन्नर येथे धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दान दिल्याचा लेख आहे. व्यवसायसंघाने संघ म्हणून केलेल्या दानाचे हे जुने उदाहरण होय.

नासिकच्या दहाव्या लेण्यातील उषवदाताचा लेख या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे. क्षत्रप नहपानाच्या या जावयाने ३,००० कार्षापणांचा अक्षयनिधी गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवला. २,००० दरमहा शेकडा एक दराने व १,००० दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत करावयाचे नसून व्याजातून लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंना चीवरासाठी व किरकोळ खर्चासाठी रक्कम मिळावयाची होती. हे सर्व निगमसभेत जाहीर करून फलकावर नोंदविल्याचे लेखात म्हटले आहे. म्हणजे शिलालेख ही दात्याची केवळ प्रशस्ती नव्हती. रक्कम, दर, विनियोग व साक्ष यांची ती सार्वजनिक नोंद होती. दात्याचा गौरव आणि निधी सांभाळणाऱ्यावरील बंधन ही दोन्ही एकाच लेखाने साधली जात.

ब्रिटिश काळ : एकोणिसाव्या शतकात मुंबईतील व्यापारी घराण्यांच्या देणग्यांमधून रुग्णालये, शाळा, ग्रंथालये, पाणपोया व रस्ते उभे राहिले. जमशेटजी जिजीभाई (१७८३–१८५९) यांच्या देणगीतून मुंबईचे रुग्णालय व कलाशाळा स्थापन झाली. त्यांना १८४२ मध्ये ‘सर’ ही पदवी मिळाली; ती मिळविणारे ते पहिले भारतीय होत. १८५७ मध्ये त्यांना बॅरोनेट करण्यात आले. त्यांच्या पत्नी अवाबाई यांनी माहीमच्या खाडीवरील मार्गासाठी मोठी रक्कम दिली. त्यावरून जाणाऱ्यांकडून टोल घेऊ नये, अशी त्यांची अट होती. प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालय व मनोऱ्यासाठी देणगी दिली आणि १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या त्या मनोऱ्याला त्यांच्या मातोश्रींच्या नावावरून राजाबाई टॉवर हे नाव पडले. वास्तूला आईवडिलांचे वा दिवंगत आप्तांचे नाव देण्याची प्रथा यानंतरही मोठ्या प्रमाणावर चालू राहिली.

शासकीय पदव्यांमुळे दातृत्वाला चालना मिळाली. त्याचबरोबर सन्मान हे राजनिष्ठेचे साधनही बनले. ‘रावबहादुर’, ‘खानबहादुर’ यांसारख्या पदव्या देताना लोकोपयोगी कार्य व सरकारविषयीची अनुकूलता यांत फरक करणे अवघड झाले. लोकसेवेसाठी १९०० मध्ये सुरू झालेले ‘कैसर-इ-हिंद’ पदक पंडिता रमाबाईंना मिळाले होते. महात्मा गांधींना ते १९१५ मध्ये देण्यात आले व १९२० मध्ये त्यांनी ते परत केले. असहकाराच्या काळात जमनालाल बजाज यांनीही आपल्या ‘रायबहादुर’ पदवीचा त्याग केला. सन्मान कोण देतो यावर त्याचे मोल ठरते, हे या त्यागांनी दाखवून दिले.

स्वातंत्र्योत्तर काळ : भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १८ अन्वये लष्करी व विद्याविषयक उपाधी वगळता राज्याने पदव्या देण्यास मनाई आहे. १९५४ मध्ये सुरू झालेले पद्म पुरस्कार समाजकार्यासाठीही दिले जातात. १९७७ मध्ये ते बंद करण्यात आले व १९८० मध्ये पुन्हा सुरू झाले. हे पुरस्कार म्हणजे पदव्या नव्हेत आणि ते नावाच्या आधी वा नंतर लावता येत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला.

बिगर-शासकीय पुरस्कारांमध्ये फिलिपीन्समधील रामॉन मागसायसाय पुरस्काराचे स्थान मोठे आहे. तो विनोबा भावे यांना १९५८ मध्ये व बाबा आमटे यांना १९८५ मध्ये मिळाला. जमनालाल बजाज प्रतिष्ठानाने १९७८ पासून विधायक कार्य व ग्रामीण भागातील विज्ञानाचा उपयोग यांसाठी पुरस्कार देण्यास प्रारंभ केला. पुढे स्त्रिया व मुले यांच्या उन्नतीच्या कार्याचाही त्यांत समावेश झाला. अमेरिकेतील मराठी भाषकांनी स्थापन केलेल्या महाराष्ट्र फाउंडेशनचे पुरस्कार साहित्याबरोबरच समाजकार्यासाठीही दिले जाऊ लागले. दूरस्थ दाते व महाराष्ट्रातील कार्यकर्ते यांना जोडणारा दुवा म्हणून त्यांना महत्त्व आहे.

कंपन्यांचे दातृत्व : कंपनीने दिलेली रक्कम ही भागधारकांच्या नफ्यातून येते, त्यामुळे तिचा सन्मान व्यक्तीच्या दानासारखा मानावा काय, हा प्रश्न आहे. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने १९७९ मध्ये माजी मुख्य न्यायमूर्ती एस. पी. कोतवाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून आपल्या सामाजिक कार्याचे अंकेक्षण करवून घेतले. प्रशंसेऐवजी बाहेरच्या व्यक्तींकडून परीक्षण, ही त्यामागील कल्पना त्या काळी नवीन होती.

कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ ने या क्षेत्रात मूलगामी बदल केला. नक्त मूल्य ५०० कोटी रु., उलाढाल १,००० कोटी रु. किंवा नक्त नफा ५ कोटी रु. यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी, अशी तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू झाली. प्रारंभी खर्च न केल्यास कारण देणे पुरेसे होते; २०२१ पासून न खर्चिलेली रक्कम विहित निधीत वा खात्यात भरणे बंधनकारक झाले आणि कसूर केल्यास दंडाची तरतूद झाली. केंद्र शासनाने २०१४ मध्येच स्पष्ट केले, की मॅरेथॉन, पुरस्कार समारंभ, जाहिरात, दूरचित्रवाणी कार्यक्रमांचे प्रायोजकत्व असे एकवेळचे उपक्रम या खर्चात धरता येणार नाहीत. आपल्याच मालाची प्रसिद्धी आणि लोकसेवा यांमध्ये अशा रीतीने कायद्याने सीमारेषा आखली.

या क्षेत्रातील राष्ट्रीय पुरस्कार २०१९ मध्ये प्रथम देण्यात आले. कायद्याने भरावयाच्या रकमेबद्दल सन्मान कशाला, असा आक्षेप यावर घेता येतो. त्याचे उत्तर अथेन्सच्या उदाहरणात सापडते : रक्कम देणे हे कर्तव्य असले, तरी ती कोठे, कशी व किती टिकाऊपणे वापरली, यांत गुणवत्तेला वाव उरतो. म्हणून खर्चाच्या आकड्यापेक्षा परिणामाचे मूल्यमापन हा अशा पुरस्कारांचा योग्य आधार ठरतो. मोठ्या प्रकल्पांच्या परिणामांचे त्रयस्थ संस्थेकडून मूल्यमापन करून घेणे २०२१ च्या नियमांनी मोठ्या कंपन्यांना आवश्यक केले.

स्वयंसेवकांचा सन्मान : द्रव्य मोजता येते, सेवा सहज मोजता येत नाही, यामुळे स्वयंसेवकांचा गौरव दात्यांच्या मानाने उशिरा व अल्प प्रमाणात झाला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९८५ मध्ये ५ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन ठरविला व २००१ हे वर्ष स्वयंसेवक वर्ष म्हणून साजरे झाले. भारतात १९६९ मध्ये ३७ विद्यापीठांत सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेतील उत्कृष्ट कार्यासाठी १९९३-९४ पासून पुरस्कार देण्यात येऊ लागले. अमेरिकेत २००३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्राध्यक्षांच्या स्वयंसेवा पुरस्कारात सेवेच्या तासांवरून कांस्य, रौप्य व सुवर्ण अशा श्रेणी ठरविण्यात आल्या. याउलट ब्रिटनमध्ये २००२ साली सुरू झालेला राजघराण्याचा स्वयंसेवा पुरस्कार व्यक्तीला न देता स्थानिक गटाला देण्यात येतो.

गटाचा सन्मान ही कल्पना महाराष्ट्रात विशेष रुजली आहे. हातात खराटा घेऊन गावे झाडणाऱ्या व मिळालेल्या देणग्यांतून धर्मशाळा उभारणाऱ्या गाडगे महाराजांच्या नावाने राज्य शासनाने २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. त्यात पारितोषिक व्यक्तीला नसून संपूर्ण गावाला असते. २०१६ मध्ये वरुड, कोरेगाव व अंबेजोगाई या तीन तालुक्यांत प्रारंभ झालेल्या ‘वॉटर कप’ स्पर्धेत गावांनी श्रमदानाने केलेल्या जलसंधारणाच्या कामांची मोजणी करून गुण देण्यात आले. अशा स्पर्धांत एरवी अनामिक राहणाऱ्या श्रमाला नोंद मिळते. मात्र स्पर्धेचा हंगाम संपल्यावर केलेल्या कामाची निगा कोण राखतो, यावरच तिचे खरे फलित अवलंबून असते.

सन्मानाचे परिणाम : ब्रिटिश समाजवैज्ञानिक रिचर्ड टिटमस याने १९७० मध्ये रक्तदानाविषयीच्या ग्रंथात असे मत मांडले, की पैसे देऊन रक्त मिळविल्यास परोपकारवृत्ती क्षीण होते व रक्ताची सुरक्षितताही घटते. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानुसार १ जानेवारी १९९८ पासून धंदेवाईक रक्तदानावर बंदी आली. पदक व प्रशस्ती यांचा परिणाम मात्र पैशाहून वेगळा होतो. इटलीतील एका शहरातील रक्तदात्यांच्या अभ्यासात असे आढळले, की ज्या पदकांची नावे वृत्तपत्रात छापली जात व जी जाहीर समारंभात दिली जात, ती मिळण्याचा टप्पा जवळ येताच रक्तदानाची वारंवारता वाढे. खाजगी रीत्या दिलेल्या पदकांनी तसे घडत नसे. लोकमान्यता ही प्रेरणा म्हणून प्रभावी असते, याचा हा पुरावा होय.

उणिवा : सन्मानपद्धतीतील सर्वांत गंभीर दोष म्हणजे धनाचा उगम झाकला जाणे. एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या दातृत्वामागे कापसाप्रमाणेच चीनबरोबरच्या अफूच्या व्यापाराचाही वाटा होता. व्यसन जडविणाऱ्या वेदनाशामक औषधाच्या विक्रीवरून टीका झालेल्या सॅकलर घराण्याचे नाव पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयाने २०१९ मध्ये व न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयाने २०२१ मध्ये आपल्या दालनांवरून काढून टाकले. दिलेला सन्मान परत घेण्याची तरतूद असावी, हा विचार त्यामुळे पुढे आला. याखेरीज मोठ्या रकमेचा एक दाता व तुटपुंज्या मिळकतीतून देणारे अनेक दाते यांत पहिल्याकडेच लक्ष जाणे, समारंभावर देणगीइतकाच खर्च होणे आणि शुल्क घेऊन पुरस्कार वाटण्याचा व्यवसाय बोकाळणे, या उणिवाही आढळतात.

निवडीचे निकष आधी जाहीर करणे, रक्कम व तास यांची पडताळणी करणे, लाभार्थींचे मत घेणे आणि सन्मानपत्रात केलेल्या कामाचा स्पष्ट तपशील देणे, हे या उणिवांवरील उपाय होत. नासिकच्या लेखात दात्याच्या नावाबरोबर व्याजाचा दरही कोरलेला आहे. प्रशस्ती व हिशेब एकत्र ठेवण्याची ही रीत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची असली, तरी आधुनिक पुरस्कारांनाही ती मार्गदर्शक ठरते.