बोल्टची मूठ उचलायला जड का जाते?

बार झाल्यावर मूठ वर करायला तळहाताचा फटका मारावा लागला, तर दुसरं काडतूस भरू नये. आधी रायफल रिकामी करून मूठ उचलून पाहावी. तरीही जड? मग दोष बहुधा घाणीचा, सुकलेल्या ग्रीसचा. न उडवलेल्या काडतुसावरही अडत असेल, तर बहुधा काडतूसच मापाबाहेरचं. फक्त बारानंतर अडलं, तर संशय दाबावर (चेंबरमध्ये राहिलेलं तेलही हा खेळ करतं). पुंगळीचं बूड उजेडात तिरकं धरा. इजेक्टरच्या भोकाचा चकचकीत ठसा पितळेवर दिसला, तर तो बोलका पुरावा. चपटा प्राइमर एकटा मात्र फसवा. मऊ धातूचे प्राइमर साध्या दाबानेही चपटतात.

मोठ्या बोअरची गोम वेगळीच. १९११ च्या .४१६ रिग्बीची पुंगळी ऐसपैस आहे: उष्ण प्रदेशातल्या उन्हात कॉर्डाइट दारूचा दाब चढला तरी ती चेंबरमध्ये रुतू नये म्हणून. तिची कमाल दाबमर्यादा ३,२५० बार. जवळपास तेवढ्याच ताकदीच्या .४१६ रेमिंग्टन मॅग्नमची ४,३००. त्यामुळे रिग्बीत दाबाने मूठ जड होईपर्यंत काडतुसाची मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते.