साठ पानांचा हिशेब



पत्त्यांचा नेहमींचा कॅट ५२ पानांचा. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांचा १२० पानांचा. दोहोंतहि पानें ठरलेलीं. तीं पिसावयाचीं, वांटावयाचीं आणि वाट्यास येतील तीं खेळावयाचीं. रिचर्ड गार्फील्ड या अमेरिकन गणितज्ञानें रचलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ १९९३ सालीं निघाला. त्यांत मात्र हजारों पानांतून निवड करून प्रत्येकानें आपला कॅट घरूनच बांधून आणावयाचा असतो. ही निवड कशी करावी, हें आज सांगावयाचें आहे.

प्रथम नियम पाहूं. प्रत्येक खेळाडूचे प्राण २०. प्रतिपक्षाचे प्राण शून्यावर आणील तो जिंकला. नेहमींच्या प्रकारांत कॅटाचीं पानें निदान ६० असावीं लागतात. मूळ भूमींखेरीज एकाच नांवाचीं चारांहून अधिक पानें चालत नाहींत. मैदान, बेट, दलदल, डोंगर व अरण्य या त्या मूळ भूमी. भूमि म्हणजे या खेळांतील उत्पन्न. सामान्यतः एका पाळींत एकच भूमि मांडतां येते. मूळ भूमि दर पाळीस एक शक्ति देते, आणि त्या शक्तींतून प्राणी व मंत्र यांचें मोल चुकवावयाचें असतें.

नवशिका खेळाडू भारी मोलाचीं पानें गोळा करतो आणि उत्पन्न विसरतो. ६० पानांत सुमारें २४ भूमी ठेवण्याचा प्रघात आहे. आरंभीं हातीं ७ पानें येतात. त्यांत सरासरीनें २.८ भूमी पडतात. तरीहि सुमारें सात डावांमागें एकदां भूमि एकच येते, किंवा मुळींच येत नाहीं. म्हणून अल्प मोलाचीं पानें पुष्कळ व भारी पानें मोजकीं घ्यावींत. सुरुवातीचीं पानें अगदींच निरुपयोगी असल्यास तीं परत करून नवीं सात घेतां येतात; मात्र त्यांतील एक पान कॅटाच्या तळाशीं ठेवावें लागतें.

दुसरा मोह अधिक पानें घालण्याचा. एखाद्या पानाच्या चार प्रती ६० पानांत असल्या, तर पहिल्या सातांत निदान एक येण्याचा संभव शेंकडा ४०. कॅट ८० पानांचा केला कीं तो ३१ वर उतरतो. चांगलें पानहि अनावश्यक असेल, तर तें उत्तम पानाची वाट अडवितें.

पालक विचारतात, हा जुगार तर नव्हे? शंका अगदींच अनाठायीं नाहीं. नवीं पानें बंद पाकिटांतून विकलीं जातात. आंत काय आहे तें फोडल्याविना कळत नाहीं. दुर्मिळ पानाच्या आशेनें पाकिटामागून पाकीट फोडणें हें व्यसनच. परंतु हवें तें पान विक्रेत्याकडून सुटेंहि मिळतें. मुलास ठराविक रक्कम द्यावी व त्यांतच कॅट बांधावयास सांगावें. दुर्मिळ पान आपल्या कॅटास उपयोगी असतेंच असें नाहीं, हें मग त्यास आपोआप उमजतें.

एका हारीवरूनहि कॅट मोडूं नये. हार निवडीच्या दोषानें झाली कीं पिसण्याच्या योगानें, हें दहा-पंधरा डावांची टिपणें ठेवल्यावर दिसूं लागतें. मूल हरून आलें, तर खेळ बंद करण्यापूर्वीं त्यास एवढेंच विचारावें : “यांतलें कोणतें पान काढशील, आणि कां?” या प्रश्नाचें उत्तर तें विचार करून देऊं लागलें, तर पानांवर खर्च झालेला पैसा वायां गेला असें म्हणवत नाहीं.