चिपमागचे यंत्र आणि यंत्रामागची माणसे

२०२२ सालच्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जर्मनीतील बर्लिन शहरात एका कारखान्याला आग लागली. आग तशी मोठी नव्हती. सुमारे ३२ हजार चौरस मीटरच्या कारखान्यातील जेमतेम २०० चौरस मीटर जागा तिने व्यापली. कोणाला इजाही झाली नाही. एरवी अशी बातमी वृत्तपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत संपते. परंतु या आगीची चिंता साऱ्या जगातील चिप-उद्योगाला लागून राहिली. कारण तो कारखाना एएसएमएल या डच कंपनीचा होता आणि आगीची झळ लागलेल्या भागात 'वेफर क्लॅम्प', म्हणजे सिलिकॉनची चकती घट्ट धरून ठेवणारा एक भाग, तयार होत असे. हा भाग नसेल तर यंत्र पुरे होत नाही, आणि यंत्र नसेल तर सर्वांत प्रगत चिप बनत नाही. पुढे काही आठवड्यांतच, वर्षाच्या उत्पादनावर फारसा परिणाम होणार नाही, असे कंपनीने जाहीर केले आणि सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

एवढ्याशा आगीचे एवढे भय का वाटावे, हा प्रश्न समजून घेतला म्हणजे 'पुरवठा-साखळी' या विषयाचे मर्म हाती येते. हा विषय केवळ अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा नाही. वाणिज्य, विज्ञान आणि तंत्रनिकेतनातील विद्यार्थ्यांचाही तो तितकाच आहे.

चिप बनवणारे यंत्र

चिप तयार होते ती सिलिकॉनच्या चकतीवर. आजच्या मोठ्या कारखान्यांत या चकतीचा व्यास ३०० मिलिमीटर असतो. चकतीवर पातळ थर चढवणे, प्रकाशाच्या साहाय्याने नक्षी उमटवणे, नको तो भाग कोरून काढणे, धुणे, तपासणे आणि पुन्हा पहिल्यापासून हेच सारे करणे, अशा शेकडो पायऱ्यांनंतर चिप सिद्ध होते. प्रत्येक पायरीला वेगळे यंत्र लागते. ही यंत्रे बनवणाऱ्या प्रमुख कंपन्या जगात मोजक्याच आहेत: अमेरिकेतील अप्लाइड मटेरियल्स, लॅम रिसर्च आणि केएलए, जपानमधील टोकियो इलेक्ट्रॉन आणि नेदरलँड्समधील एएसएमएल.

यांपैकी एएसएमएलचे अतिनील प्रकाशाचे यंत्र म्हणजे आजच्या कारागिरीची परिसीमाच मानावी लागेल. त्यात कथिलाचे वितळलेले सूक्ष्म थेंब सेकंदाला ५० हजार या वेगाने सोडले जातात. प्रत्येक थेंबावर लेसरचा मारा दोनदा होतो. पहिल्या माऱ्याने थेंब चपटा होतो, दुसऱ्याने त्याचा तप्त वायू बनतो आणि त्यातून १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश बाहेर पडतो. हा प्रकाश हवेत शोषला जातो, काचेतही शोषला जातो. म्हणून सारे काम निर्वात पोकळीत आणि भिंगांऐवजी आरशांनी करावे लागते. हे आरसे इतके गुळगुळीत असतात की एक आरसा जर्मनी देशाएवढा मोठा केला, तरी त्यावरील सर्वांत मोठा उंचवटा मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढाच भरेल!

आता पाहा, आरसे जर्मनीतील झाइस कंपनी बनवते, लेसर जर्मनीतीलच ट्रुम्फ कंपनी पुरवते, प्रकाश निर्माण करणारा भाग अमेरिकेतील सॅन दिएगो येथे होतो आणि शेवटची जुळणी नेदरलँड्समधील वेल्डहोवन गावी होते. एका यंत्रात एक लाखाच्या वर सुटे भाग असतात. वजन सुमारे १८० टन. गिऱ्हाइकाकडे ते सुटे करून पाठवताना ४० कंटेनर, २० ट्रक आणि तीन मालवाहू विमाने लागतात.

साखळीचे गणित

लग्नघरी पाचशे पानांचा स्वयंपाक सिद्ध झाला आणि मीठ आणायचेच राहिले, तर आचाऱ्याचे सारे कौशल्य फुकट. यंत्रनिर्मितीतही तसेच आहे. लाख भागांपैकी ९९ हजार ९९९ आले आणि एक आला नाही, तरी यंत्र जागचे हलत नाही. आलेल्या भागांत अडकलेले भांडवल मात्र व्याज खात बसते. म्हणून कोणता भाग कोठून येतो, यायला किती आठवडे लागतात, त्याला दुसरा पुरवठादार आहे का, आणि साठा किती ठेवावा, या चार प्रश्नांची उत्तरे सतत तयार ठेवणे हे पुरवठा-व्यवस्थापनाचे मुख्य काम होय. साठा थोडा ठेवला तर काम अडते, फार ठेवला तर पैसा अडतो. 'बैल गेला आणि झोपा केला' अशी गत होऊ नये, यासाठीच हा सारा खटाटोप.

येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेले प्रवेग तत्त्वही पाहायला मिळते. समजा, एका चिप-कारखान्यात १०० यंत्रे आहेत आणि जुनी झालेली १० यंत्रे तो दरवर्षी बदलतो. एके वर्षी चिपची मागणी १० टक्क्यांनी वाढली. आता त्याला ११० यंत्रे हवीत. म्हणजे बदलीची १० आणि वाढीव १०, अशी २० यंत्रांची मागणी तो नोंदवतो. चिपची मागणी दहा टक्के वाढली, पण यंत्रांची दुप्पट झाली! पुढच्या वर्षी चिपची मागणी आहे तेवढीच राहिली, घटली मुळीच नाही. तरी यंत्रांची मागणी २० वरून १० वर, म्हणजे निम्म्यावर येते. यंत्राला सुटे भाग पुरवणाऱ्याला हा हेलकावा आणखी मोठा बसतो, कारण यंत्रवालाही भीतीपोटी कधी जादा मागवतो, तर कधी एकदम हात आखडतो. अमेरिकेतील जे फॉरेस्टर यांनी १९६१ साली आपल्या ग्रंथात हे हेलकावे गणिताने मांडून दाखवले. चाबकाची मूठ जरा हलली की टोक जोराने फटकारते, म्हणून यास 'चाबूक-परिणाम' असे नाव पडले.

चौथी अडचण मनुष्याच्या हातात नसलेल्या घटनांची. चिपच्या कामातील काही लेसरांना निऑन वायू लागतो. या कामासाठीच्या शुद्ध निऑनचा मोठा वाटा युक्रेनमधील मारियुपोल आणि ओडेसा या शहरांतून येत असे. २०२२ साली युद्ध पेटले आणि तो पुरवठा थांबला. ज्यांनी साठा आणि दुसरा पुरवठादार आधी पाहून ठेवला होता, ते निभावले.

आपल्याला येथे काय काम?

'हे सारे दूरदेशीचे. आमचा याच्याशी काय संबंध?' असे कोणी विचारील. संबंध आहे. बेळगावच्या उद्यमबागेत आणि आसपास ओतकामाची आणि अचूक कातकामाची परंपरा आहे. जवळच हत्तरगी येथे विमानांचे सुटे भाग तयार होतात. यंत्रे बनवणाऱ्या या परदेशी कंपन्यांपैकी काहींची अभियांत्रिकी केंद्रे आपल्याच राज्यात, बंगळूरला आहेत. भारत सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये या उद्योगासाठी ७६ हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली. गुजरातेत साणंद आणि धोलेरा येथे कारखान्यांची कामे हाती घेण्यात आली. कारखाना आला की त्यामागे यंत्रे, सुटे भाग, वायू, रसायने आणि दुरुस्ती आलीच.

या कामात नाना प्रकारची माणसे लागतात. खरेदी करणारा, साठ्याचे नियोजन करणारा आणि जकात व निर्यात-नियमांची कागदपत्रे सांभाळणारा वाणिज्य शाखेचा पदवीधर असू शकतो. कातकाम करणारा आयटीआयचा, यंत्राची जुळणी-दुरुस्ती करणारा पदविकाधारक, तर रसायनांची शुद्धता तपासणारा बी.एस्सी. झालेला असू शकतो. एक विशेष पद आहे पुरवठादाराची गुणवत्ता पाहणाऱ्या अभियंत्याचे. त्याचे काम किती नाजूक असते ते एका उदाहरणावरून कळेल. निर्वात पोकळीत बसवायच्या भागावर बोटाचा तेलकट ठसा राहिला, तर त्या तेलाची वाफ होऊन आरशावर बसते. म्हणून पुरवठादाराने साधे कापण्याचे तेल बदलले, तरी ते आधी कळवून मान्यता घ्यावी लागते. 'तसाच भाग आहे, चालून जाईल' हे वाक्य या धंद्यात चालत नाही.

तयारी करू इच्छिणाऱ्यांनी शाखा कोणतीही असो, चार गोष्टी शिकाव्यात: यंत्राचे आरेखन वाचणे, संख्याशास्त्राचा प्राथमिक भाग, संगणकावर हिशेब आणि साठ्याची नोंद ठेवणे, आणि नेमके इंग्रजी पत्र लिहिणे. सुटीत एखाद्या कातशाळेत महिनाभर उभे राहिल्यास पुस्तकातील पुष्कळ शब्दांना अर्थ येईल.

एक गोष्ट मात्र लपवून ठेवणे बरे नव्हे. वर सांगितलेला हेलकावा नोकऱ्यांनाही बसतो. मागणी मंदावली तेव्हा जानेवारी २०२३ मध्ये लॅम रिसर्चने सुमारे १,३०० जणांना कमी करण्याचे जाहीर केले. तेव्हा जाहिरातीतील पगाराचा आकडा पाहून हुरळून जाऊ नये. ज्याला एकच काम येते त्याच्यावर मंदीची कुऱ्हाड आधी पडते. ज्याला हिशेबही कळतो आणि यंत्रही कळते, त्याला औषधनिर्मिती, विमाने, मोटारी, कोठेही जागा मिळते. घरच्यांनी कर्ज काढून शिकवलेल्या मुलामुलींनी तरी हा विचार आधी करावा.

बर्लिनच्या त्या आगीनंतर यंत्रे वेळेवर गेली, ती केवळ आगीचा बंब वेळेवर आला म्हणून नव्हे. कोणता भाग कोठे आहे, कोणाला आधी द्यायचा आणि तोवर कोणते काम पुढे ओढायचे, हे ठाऊक असलेली माणसे ठिकठिकाणी होती. त्यांची नावे चिपवर कोरलेली नसतात. पण त्यांच्यावाचून चिप बनत नाही, हे ध्यानात ठेवून आपल्यातील काहींनी या वाटेकडे वळावे.