दोन नरसाळी आणि एक खिळ्यांची इस्त्री

डिसेंबर १९२१. पॅरिसमधल्या एका पुस्तकांच्या दुकानात मॅन रे या अमेरिकन चित्रकाराचे प्रदर्शन लागले होते. त्याला या शहरात येऊन जेमतेम पाच महिने झाले होते आणि फ्रेंच धड बोलता येत नव्हते. थंडीने तो कुडकुडत होता. अशात दाढीवाला, छत्री घेतलेला एक वयस्क गृहस्थ त्याच्याशी इंग्रजीत बोलू लागला आणि काहीतरी गरम प्यायला त्याला जवळच्या कॅफेत घेऊन गेला. हे संगीतकार एरिक साती. परतताना वाटेत घरगुती सामानाचे दुकान लागले. मॅन रेने तिथून चुलीवर तापवायची साधी लोखंडी इस्त्री, खिळ्यांची पुडी आणि चिकटवायला गोंद घेतला. इस्त्रीच्या गुळगुळीत तळाला त्याने खिळे एका ओळीत चिकटवले, तिला ‘भेट’ असे नाव दिले आणि ती इतर चित्रांसोबत मांडून टाकली. त्याच दिवशी कोणीतरी ती पळवली. आज संग्रहालयांत दिसतात त्या नंतर केलेल्या प्रती.

या इस्त्रीकडे नीट बघितले तर लक्षात येते की इथे काहीही वितळलेले नाही, काहीही हवेत तरंगत नाही. इस्त्री इस्त्रीच आहे, खिळे खिळेच आहेत. दोन्ही रोजच्या वापरातले. फक्त एकत्र आल्यावर सुरकुत्या मोडणारी वस्तू कपडा टराटरा फाडणारी झाली. अतिवास्तववाद म्हटले की आपल्याकडे साल्व्हादोर दालीची ओघळणारी घड्याळे डोळ्यांपुढे येतात आणि चर्चा स्वप्नांवर जाऊन थांबते. मला वाटते, या कलेची दुसरी वाट जास्त खोल गेली. वस्तू जशीच्या तशी ठेवायची आणि तिची जागा किंवा तिचे काम तेवढे काढून घ्यायचे, ही ती वाट. आणि ती वाट रुळवण्यात अमेरिकनांचा वाटा मानला जातो त्याहून बराच मोठा आहे.

पॅरिसमधली चळवळ मुळात कवींची. कवी आंद्रे ब्रेतोंने १९२४ मध्ये तिचा जाहीरनामा काढला तेव्हा त्याच्यापुढे होते ते शब्द. मन मोकळे सोडून, विचारांचा लगाम न लावता झरझर लिहीत जाणे ही त्यांची पद्धत. पहिल्या महायुद्धात ब्रेतोंने मनोरुग्ण सैनिकांच्या वॉर्डात काम केले होते आणि फ्रॉईडच्या विचारांनी तो भारावला होता. अशा पद्धतीने चित्र काढता येईल का, यावर चळवळीतच वाद होता. हात कागदावर बेभान धावू शकतो, पण तैलचित्राला दिवसच्या दिवस लागतात. स्वप्न तेवढा वेळ थांबत नाही.

याच्या बरेच आधीपासून अमेरिकेत वेगळेच चालले होते. न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर २९१ क्रमांकाच्या इमारतीत, अगदी वरच्या मजल्यावर, आल्फ्रेड स्टिग्लित्झ या छायाचित्रकाराने १९०५ मध्ये छोटी गॅलरी उघडली. खोल्या इतक्या लहान की चार माणसे आली तरी दाटी व्हावी. त्या एडवर्ड स्टायकेन या तरुण छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओच्या खोल्या होत्या. पुढे स्टायकेन पॅरिसहून काम मिळवून पाठवी आणि स्टिग्लित्झ ते भिंतीवर लावी. १९०८ मध्ये रोदांची रेखाचित्रे आणि मातिस, १९११ मध्ये पिकासो, १९१४ मध्ये ब्रांकुशीची शिल्पे. आधुनिक युरोपीय कला अमेरिकेत आली ती ‘आर्मरी शो’ या १९१३ च्या गाजलेल्या प्रदर्शनातून, असे सांगितले जाते. त्याआधी पाच वर्षे ती एका कॅमेरावाल्याच्या घरी उतरली होती.

या योगायोगाला अर्थ आहे. तेव्हाचे हौशी छायाचित्रकार फोटो धूसर करून, कागदावर ब्रशची कारागिरी करून तो चित्रासारखा दिसावा म्हणून धडपडत. स्टिग्लित्झ त्या सवयीतून हळूहळू बाहेर पडला. कॅमेऱ्याने कॅमेऱ्याचेच काम करावे, समोरच्या वस्तूकडे सरळ बघावे, हे त्याचे म्हणणे पक्के होत गेले. १९१६ च्या उन्हाळ्यात पॉल स्ट्रँडने कनेक्टिकटमधल्या एका घराच्या व्हरांड्यात गोल टेबल आडवे कलंडवले आणि त्यावर पडलेल्या कठड्याच्या सावल्यांचा अगदी जवळून फोटो घेतला. फोटो स्वच्छ, धारदार, काहीही लपवलेले नाही. तरी पहिल्या नजरेत हे टेबल आहे हे कळत नाही. म्हणजे वस्तूशी शंभर टक्के प्रामाणिक राहूनही ती अनोळखी करता येते. पुढच्या साऱ्या गोष्टीचे बी मला इथे दिसते.

दुसरे बी मार्सेल द्युशाँने टाकले. तो फ्रेंच खरा, पण १९१५ मध्ये न्यूयॉर्कला आल्यावर त्याने हार्डवेअरच्या दुकानातून बर्फ उपसायचे फावडे आणले आणि त्याला कलाकृती म्हटले. १९१७ मध्ये त्याने मुतारीचे चिनी मातीचे भांडे आडवे ठेवून, त्यावर ‘आर. मट’ अशी खोटी सही करून प्रदर्शनाला पाठवले. पैसे भरील त्याचे काम लावायचे, असा नियम असूनही आयोजकांनी ते लावले नाही. भांडे पुढे हरवले. आपल्याला ते माहीत आहे ते स्टिग्लित्झने आपल्या गॅलरीत घेतलेल्या फोटोमुळे. त्याने त्या भांड्यावर प्रकाश असा पाडला आहे की वळणावरची सावली एखाद्या बुरखा घेतलेल्या आकृतीसारखी भासते.

मॅन रे याच वातावरणात वाढला. मूळ नाव इमॅन्युएल रॅडनित्स्की, घर ब्रुकलिनमध्ये, रशियातून आलेले ज्यू कुटुंब. वडील कपड्यांच्या कारखान्यात काम करत आणि घरी शिवणकामही घेत. लहानपणापासून आजूबाजूला चिंध्या, सुया, इस्त्री, शिलाई मशीन. १९२० मध्ये त्याने लष्करी घोंगडीत एक वस्तू गुंडाळली, वरून दोरीने करकचून बांधली आणि फोटो घेतला. आत होते शिलाई मशीन. चार वर्षांनी पॅरिसच्या अतिवास्तववाद्यांनी आपल्या मासिकाचा पहिला अंक काढला तेव्हा त्यात हा फोटो छापला. चळवळीचे नावही नव्हते तेव्हा एका शिंप्याच्या मुलाने तिचे चित्र काढून ठेवले होते.

कॅमेरा तो शिकला स्वतःच्या चित्रांचे फोटो काढायला. पॅरिसला पोट भरण्यासाठी फॅशनचे फोटो काढू लागला. त्याने आत्मचरित्रात सांगितले आहे ते असे : एका रात्री डार्करूममध्ये प्रिंट काढताना प्रकाश न दाखवलेला एक कोरा कागद चुकून डेव्हलपरच्या ट्रेमध्ये पडला. बराच वेळ काही उमटले नाही. चरफडत त्याने हाताशी होते ते काचेचे लहान नरसाळे, मोजपात्र आणि थर्मामीटर त्या ओल्या कागदावर ठेवले आणि दिवा लावला. डोळ्यांदेखत आकार उमटू लागले. जिथे वस्तू टेकली तिथे पांढरे, जिथे काचेतून प्रकाश वळला तिथे करड्या छटा, बाकी मिट्ट काळे. कॅमेरा नाही, निगेटिव्ह नाही. अशा चित्रांना त्याने स्वतःच्या नावावरून ‘रेयोग्राफ’ म्हटले. तंत्र नवे नव्हते. छायाचित्रणाच्या अगदी आरंभी इंग्लंडमध्ये टॅल्बटने पाने आणि जाळीची कापडे अशीच कागदावर ठेवली होती. पण टॅल्बटला पानाची हुबेहूब नोंद हवी होती, मॅन रेला नोंदीतून निसटणारे काहीतरी. कवींना हवे असलेले आपोआप उमटणे इथे प्रकाशाने करून दाखवले, तेही क्षणात.

आता दुसरे नरसाळे. ऑगस्ट १९३०, कॅलिफोर्निया. एडवर्ड वेस्टन ढोबळ्या मिरच्यांचे फोटो काढत होता. मागे पांढरा कागद लावला, कापड लावले, पण मनासारखे होईना. शेवटी त्याने मिरची पत्र्याच्या मोठ्या नरसाळ्याच्या तोंडात आडवी ठेवली. आतल्या गोल पत्र्यावरून परतलेला मंद उजेड तिच्या प्रत्येक फुगवट्याला लगटून गेला. शटर कित्येक मिनिटे उघडे. ‘पेपर नंबर ३०’, म्हणजे ‘मिरची क्रमांक ३०’, नावाचा हा फोटो बघणाऱ्याला कधी पाठ दिसते, कधी मिठीतली दोन शरीरे. वेस्टन अशा अर्थांवर वैतागत असे. ही मिरची आहे, मिरचीहून जास्त खरी मिरची, एवढेच त्याचे म्हणणे. अतिवास्तववादाशी त्याला देणेघेणे नव्हते. तरी मॅन रेचे नरसाळे आणि वेस्टनचे नरसाळे शेजारी ठेवले की दिसते : एकाने वस्तू पुसून टाकली, दुसऱ्याने ती डोळे फाडून पाहिली, आणि दोघेही एकाच ठिकाणी पोचले.

चित्रकार जॉर्जिया ओ’कीफचेही तसेच. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात वेचलेली गुरांची हाडे तिने पिंपात भरून पूर्वेला पाठवली आणि ती रंगवली. १९३६ च्या ‘समर डेज’मध्ये डोंगरांच्या वर, ढगांत, हरणाची कवटी आहे आणि तिच्याखाली रानफुले. समीक्षकांनी लगेच अतिवास्तववादाचा शिक्का मारला. तिला तो मान्य नव्हता आणि मी तिच्या बाजूने आहे. ती स्वप्न रंगवत नव्हती, रोज दिसणाऱ्या दोन गोष्टी एका चौकटीत आणत होती.

शिल्पाची लढाई तर कोर्टात झाली. १९२६ मध्ये ब्रांकुशीची वीस शिल्पे जहाजाने न्यूयॉर्कला आली. त्यात ‘अवकाशातला पक्षी’ होता : पंख नाहीत, चोच नाही, नुसता वर झेपावणारा चकचकीत ब्राँझचा उंच निमुळता आकार. कलाकृतीवर आयात कर नव्हता. कस्टमच्या अधिकाऱ्यांनी त्याला स्वयंपाकघरातल्या आणि इस्पितळातल्या सामानाच्या यादीत टाकून चाळीस टक्के कर लावला. पक्षी स्टायकेनने विकत घेतला होता. साक्षीला उभे राहिल्यावर त्याला विचारले गेले की, जंगलात हे दिसले तर पक्षी समजून गोळी झाडाल का? तो नाही म्हणाला. पण पक्षी म्हणून ओळखता येणे ही कलेची अट का असावी, हाच तर वाद होता. नोव्हेंबर १९२८ मध्ये निकाल ब्रांकुशीच्या बाजूने लागला. निसर्गाची नक्कल न करणारी नवी कला आता अस्तित्वात आहे, हे न्यायाधीशांनी मान्य केले. मला हा निकाल कुठल्याही जाहीरनाम्याइतकाच मोलाचा वाटतो.

त्याच पक्ष्याच्या तीन आवृत्त्या पुढे इंदूरचे यशवंतराव होळकर यांनी घेतल्या : एक ब्राँझची, एक काळ्या आणि एक पांढऱ्या संगमरवराची. यशवंतराव आणि कागलच्या घराण्यातल्या संयोगिताराणी या तरुण जोडप्याचे फोटो मॅन रेनेही काढले आहेत. त्यात दरबारी थाट नाही, दोघे डोक्याला डोके लावून खळखळून हसताहेत. इंदूरला ध्यानमंदिर बांधून त्यात हे पक्षी ठेवायचे ठरले आणि १९३७-३८ च्या हिवाळ्यात ब्रांकुशी स्वतः तिथे येऊनही गेला. मंदिर झाले नाही. संगमरवरी जोडी आज कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे, ब्राँझ कॅलिफोर्नियात. आपल्याकडच्या आधुनिक कलेच्या इतिहासात हे पान सहसा उघडलेच जात नाही, याचे वाईट वाटते.

अतिवास्तववाद अमेरिकेत प्रदर्शन म्हणून पोचला नोव्हेंबर १९३१ मध्ये, हार्टफर्डच्या संग्रहालयात. जानेवारीत न्यूयॉर्कला ज्यूलियन लेव्हीच्या गॅलरीत. दालीची घड्याळे तिथे होती. ते चित्र जेमतेम वहीच्या पानाएवढे आहे, हे छापील चित्रांवरून कधी कळत नाही. लेव्हीकडे त्या सुमारास लोकरी कापडाचा एक बुजरा विक्रेता चकरा मारत असे. नाव जोसेफ कॉर्नेल. क्वीन्समधल्या ‘युटोपिया पार्कवे’ नावाच्या रस्त्यावर तो आई आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्या धाकट्या भावासोबत राही. कलेचे शिक्षण नाही, अमेरिकेबाहेर कधी पाऊल नाही. मॅनहॅटनच्या जुन्या बाजारातून तो नकाशे, बाहुल्या, काचेचे प्याले गोळा करी आणि घराच्या तळघरात काचेच्या झाकणाची लाकडी खोकी जुळवी. १९३६ च्या ‘सोप बबल सेट’मध्ये चंद्राचा जुना फ्रेंच नकाशा आहे, मातीची चिलीम, प्याल्यात अंडे, बाहुलीचे डोके. साबणाचा फुगा कुठेच नाही, पण चिलीम आणि चंद्र यांच्या मधे तो आपल्याला दिसत राहतो. कॉर्नेलनेही त्याच वर्षी आधुनिक कला संग्रहालयाच्या आल्फ्रेड बार यांना पत्र लिहून सांगितले की, अतिवास्तववाद्यांचे अंतर्मनाचे आणि स्वप्नाचे सिद्धान्त त्याला मान्य नाहीत.

त्याची काही खोकी हातात घेऊन कलती करायची असत. मग आतली वाळू सरके, गोळी घरंगळे. संग्रहालयात ती आता काचेआड स्थिर असतात. जपणुकीसाठी ते लागतेच, पण त्यामुळे अर्धी कलाकृती बंद पडते. १९७२ मध्ये, ज्या वर्षाअखेरीस तो गेला त्या वर्षी, न्यूयॉर्कच्या कूपर युनियनमध्ये त्याने खास मुलांसाठी प्रदर्शन भरवले. खोकी मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला लावली होती आणि आलेल्या मुलांना केक आणि चेरीचा कोला मिळत होता. मोठ्यांना वाकून बघावे लागले.