ब्रिटिश आरमाराचा उतरता काळ : १८८९ ते १९२२

ब्रिटिश संसदेने १८८९ साली नौदल संरक्षण कायदा केला. ब्रिटनच्या खालोखाल असलेल्या दोन आरमारांच्या बेरजेला पुरून उरेल एवढे बळ आपल्या आरमारात हवे, हे त्यामागचे सूत्र. ती दोन आरमारे तेव्हा फ्रान्स आणि रशियाची होती. पण या सूत्राचा आर्थिक पाया खचू लागलाच होता. पोलादाच्या उत्पादनात त्या दशकात अमेरिका पुढे निघून गेली आणि १८९० च्या दशकात जर्मनीनेही ब्रिटनला मागे टाकले. ब्रिटनच्या भट्ट्या काही थंडावल्या नव्हत्या, त्यांचे उत्पादन वाढतच होते. इतरांचे मात्र कितीतरी झपाट्याने वाढत होते. महासत्तेच्या ऱ्हासाची चर्चा करताना ही गोष्ट बहुधा नजरेआड होते.

बोअर युद्धाने (१८९९-१९०२) ही ओढाताण उघड केली. दक्षिण आफ्रिकेतील दोन लहान प्रजासत्ताकांना नमवायला सुमारे साडेचार लाख सैनिक आणि २० कोटी पौंडांहून अधिक पैसा लागला, आणि युरोपात ब्रिटनच्या पाठीशी कोणी उभे राहिले नाही. तिकडे अ‍ॅडमिरल टिर्पिट्झ यांच्या आग्रहाने जर्मनीने १८९८ आणि १९०० मध्ये कायदे करून मोठे आरमार उभारायला घेतले होते.

तेव्हा लंडनने जुनी वैरे मिटवायला सुरुवात केली. १९०२ मध्ये जपानशी युती झाली. १९०४ मध्ये फ्रान्सशी समझोता झाला. त्यात इजिप्त ब्रिटनकडे आणि मोरोक्को फ्रान्सकडे, अशी वाटणी ठरली. १९०७ चा रशियाशी झालेला करार हिंदुस्थानच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. रशिया वायव्य सरहद्दीवर येऊन थडकेल या धास्तीपोटी ब्रिटिशांनी अफगाणिस्तानात युद्धे केली होती. आता अफगाणिस्तान आपल्या प्रभावक्षेत्राबाहेर असल्याचे रशियाने मान्य केले, तिबेटमध्ये ढवळाढवळ न करण्याचे दोघांनी ठरवले आणि इराणचे प्रभावक्षेत्रांत तुकडे पाडले. इराणला कोणी विचारलेही नाही. या मुत्सद्देगिरीचे इतिहासात कौतुक होते. पण तिची किंमत ज्यांनी मोजली, त्यांचा उल्लेखही त्याच ठिकाणी व्हायला हवा.

आरमाराची चढाओढ मात्र थांबली नाही. पोर्ट्समथच्या गोदीत ऑक्टोबर १९०५ मध्ये 'ड्रेडनॉट'ची बांधणी सुरू झाली, फेब्रुवारी १९०६ मध्ये ती पाण्यात उतरली आणि वर्षभरात चाचण्यांसाठी समुद्रात निघाली. बारा इंची दहा तोफा, वाफेची टर्बाइन आणि ताशी २१ सागरी मैलांचा वेग! तिच्यापुढे जगातल्या सगळ्या युद्धनौका एका फटक्यात जुनाट ठरल्या. त्यांत ब्रिटनच्या स्वतःच्या नौका सर्वांत जास्त होत्या. वर्षानुवर्षे जमवलेली आघाडी अशी निरुपयोगी झाल्यावर जर्मनीला नव्याने शर्यतीत उतरता आले. १९०९ मध्ये ब्रिटनमध्ये आठ नव्या युद्धनौकांसाठी काहूर उठले. आधी चारच बांधू म्हणणाऱ्या सरकारला अखेर आठही मंजूर कराव्या लागल्या.

सगळे समुद्र एकट्याने राखणे आता झेपणारे नव्हते. १९१२ मध्ये ब्रिटनने भूमध्य समुद्रातल्या मोठ्या युद्धनौका मायदेशाकडे वळवल्या आणि फ्रान्सने आपले मुख्य आरमार तिकडे एकवटले. कागदोपत्री कोणी कोणाला बांधील नव्हते. तरीही ऑगस्ट १९१४ मध्ये फ्रान्सचा उत्तर किनारा उघडा पडल्याची जाणीव परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे यांना संसदेला करून द्यावी लागली. भार हलका करण्यासाठी केलेल्या तजविजीने ब्रिटनचे हात बांधले होते. त्यानंतर बेल्जियमवरील आक्रमणामुळे ४ ऑगस्टला ब्रिटन युद्धात उतरला.

युद्ध जिंकून ब्रिटन अमेरिकेचा कर्जदार झाला. फेब्रुवारी १९२२ मध्ये वॉशिंग्टनला झालेल्या करारात ब्रिटन, अमेरिका आणि जपान यांच्या मोठ्या युद्धनौकांच्या एकूण टनभाराचे प्रमाण ५:५:३ ठरले. दोन आरमारांना पुरून उरण्याची भाषा करणाऱ्या ब्रिटनने अमेरिकेची बरोबरी लेखी मान्य केली. त्याच परिषदेत झालेल्या चार सत्तांच्या करारामुळे जपानशी असलेली युतीही संपुष्टात आली.